मुळशीच्या मुलांना मुंबईचे संग्रहालय दाखविताना

मु. पो. पौड, ता. मुळशी, जि. पुणे
कार्तिक वद्य पंचमी

चि. सौ. ताई हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. धरणाकाठच्या तुझ्या शाळेतील नववीच्या मुलांना मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि त्याच्या आसपासची कलादालने दाखविण्याचे तू योजिले आहेस, हे वाचून मनापासून समाधान वाटले. परंतु सोबतच्या तक्त्यात राणीचा बाग, चौपाटी आणि समुद्रातील फेरी यांच्या गर्दीतून संग्रहालयाच्या वाट्याला अवघा दीड तास उरला आहे, हे पाहून तितकीच काळजीही वाटली. बाकीचे सारे पुढील वर्षावर टाकून तो संपूर्ण दिवस त्या एका परिसरालाच द्यावा, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे.

प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम या नावाने आमच्या पिढीला परिचित असलेल्या त्या वास्तूची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसविली गेली. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने कुर्ल्याचा निळसर काळा आणि मालाडचा पिवळसर दगड योजून, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा घुमट तिच्यावर चढविला. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिचा उपयोग लष्करी इस्पितळासाठी झाला. आणि सर्वसामान्य जनतेसाठी तिचे दरवाजे उघडले ते १० जानेवारी १९२२ रोजी. ही शेवटची तारीख मुलांना मुद्दाम सांग. कारण तिच्या आधी जेमतेम नऊ महिने, १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आपल्या मुळशी पेट्यात सत्याग्रहाला आरंभ झाला होता. नीला-मुळेच्या धरणाने ज्यांच्या घरांवर आणि भातखाचरांवर गदा येणार होती, अशा ५२ गावांतील मावळे बांधकामाच्या जागी जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट यांना लोकांनी ‘सेनापती’ म्हटले ते याच लढ्यात. आणि विनायकराव भुस्कुटे यांनी तो लढा अंगावर घेतला व पुढे त्याचा वृत्तांतही लिहून ठेवला. म्हणजे राजधानीत पूर्वजांच्या वस्तू जतन करण्याचे मंदिर लोकांना खुले होत होते, त्याच सुमारास इकडे मामलेदार कचेरीत भूसंपादनाचे कागद तयार होत होते. १९२४ च्या अखेरीस लढा मावळला, आणि १९२७ पासून आपल्या नदीचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून भिऱ्याच्या वीजगृहात उतरून मुंबईला वीज देऊ लागले.

आता आणखी एक गोष्ट, जी बहुतेक मार्गदर्शक सांगणार नाहीत. संग्रहालयातील चिनी जेड, पोर्सेलीनची भांडी आणि युरोपीय तैलचित्रे यांचा फार मोठा भाग सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा या बंधूंच्या संग्रहातून आलेला आहे. आणि मुळेवर धरण बांधणारी कंपनीही त्याच घराण्याची. मुलांना या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगाव्यात, आणि त्यावरचा निवाडा आपण देऊ नये. दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून त्यांच्याकडे स्थिर नजरेने पाहण्याची शक्ती चौदा वर्षांच्या मुलात असते, हे मी शाळेत अनेकदा अनुभवले आहे. मोठेपणी मात्र ती शक्ती आपण घालवून बसतो.

पाहावयाचे थोडेच, परंतु निवांत. घुमटाखालच्या मध्यवर्ती दालनात शिरताच मुलांना थांबव आणि वर पाहावयास सांग: तेथील लाकडी खांब, कठडे आणि सज्जे अठराव्या शतकातील एका मराठी वाड्याचे आहेत. वाडा गेला, परंतु त्याचे लाकूड कोणाला तरी मोलाचे वाटले, म्हणून ते राहिले. आपल्या पेट्यातील घरांच्या तुळयांचे काय झाले, हा प्रश्न मुलांच्या मनात तेथे आपोआप उभा राहील. तू विचारू नकोस. त्यानंतर शिल्पदालनात मीरपूरखासच्या स्तूपातील भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती पाहाव्यात. ते सिंधमधील स्थळ आज परक्या देशात आहे, आणि स्तूपाची ती माती मात्र मुंबईत सुखरूप आहे. अकबराचे १५८१ सालचे चिलखत पाहण्यासाठी मुले न सांगताही धावतील. त्यांना धावू द्यावे. नैसर्गिक इतिहासाच्या दालनात मात्र घाई नको. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साहाय्याने ते उभे राहिले, आणि १९२६ मध्ये तरुण सलीम अली तेथे लोकांना माहिती सांगण्याच्या नोकरीवर होते. काचेआडचा रानगवा आणि धनेश पाहताना शहरी मुले जे ऐकतात, त्याहून अधिक ताम्हिणीच्या रानात वाढलेल्या तुझ्या विद्यार्थ्यांना स्वतःला सांगता येईल. त्यांनाच बोलू दे.

तेवढ्यावर दुपार होईल. जेवणानंतर शक्ती उरली तर शेजारच्या जहांगीर कलादालनात, म्हणजे १९५२ पासून चालू असलेल्या त्या वास्तूत, हयात चित्रकारांची चित्रे पाहून यावे. जवळच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाला सोमवारी सुटी असते, म्हणून सोमवार टाळ. पुण्याहून सकाळी सव्वासातला निघणारी डेक्कन क्वीन घेतलीस तर बोरीबंदरहून हुतात्मा चौकातून चालत जाता येते. मात्र शाळेच्या पत्रावर पूर्वपरवानगीचा अर्ज महिनाभर आधी जावा.

सहलीच्या आधीच्या कामाला मी सहलीइतकेच महत्त्व देतो. प्रथम मुलांना पुण्यात बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयात ने. दिनकर गंगाधर केळकरांनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने उभारलेल्या त्या संग्रहात अडकित्ते, वज्री, दिवे, कुलपे अशा घरगुती वस्तूच मानाच्या जागी बसल्या आहेत, आणि मस्तानीचा कोथरूडचा महालही तेथे पुन्हा मांडलेला आहे. त्यानंतर प्रत्येक मुलाने घरी आजी-पणजीला विचारावे, की जुने गाव सोडताना बरोबर काय आणले: जाते, उखळ, समई, की देवघरातील टाक? मुंबईत दालनातील चिठ्ठ्या कशा लिहितात हे त्यांनी नीट पाहावे, म्हणजे वस्तू, द्रव्य, स्थळ, काळ आणि देणाऱ्याचे नाव. आणि परतल्यावर आपल्या घरच्या वस्तूसाठी तशीच चिठ्ठी लिहावी. स्थळाच्या जागी बुडालेल्या गावाचे नाव स्वच्छ अक्षरांत यावे, धरणाचे किंवा नव्या वस्तीचे नव्हे; एवढ्या एका गोष्टीवर मी हटून बसणार आहे.

केळकर संग्रहालयाची विस्तीर्ण संग्रहालय-नगरी बावधनला व्हावी, असा संकल्प कित्येक वर्षांपासून आहे, आणि बावधन तर आपल्याच तालुक्यातले. ती उभी राहील तेव्हा तीत मुळशीच्या बुडित गावांसाठी एक दालन राखून ठेवावे, असा अर्ज करण्याचे माझ्या मनात आहे. मुलांच्या चिठ्ठ्यांची एक प्रत मला पाठव; त्या अर्जाला जोडावयाला हव्यात. वस्तू मात्र ज्यांच्या त्यांच्या घरीच राहू देत.

तारीख ठरली की कळव. मीही बरोबर येणार आहे. माझे तिकीट मुलांच्याच डब्यात काढ.

तुझा,
मामा