चारचौघांत अडणारी

अंगणात ती कधी अडली नाही. पहाटे चारला किल्ली फिरवा, पहिल्या झटक्यात चालू. अडायची ती चारचौघांत. पारोळ्याच्या टपरीसमोर चहा घेऊन उठलो की, एरंडोलच्या पंपावर मागे गाड्यांची रांग लागली की, नाहीतर धुळ्यात माल उतरवून झाल्यावर मागचा ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढत नसताना. पंपावरची पोरं तर लांबूनच विचारायची, "काय भो, आते बी रुसनी का?"

आमची पिकअप. रंग पांढरा, नंबर एमएच १९चा, काचेवर 'कानबाई माता प्रसन्न', बंपरला दर शनिवारी नवं लिंबू-मिरची. केळीचा माल उंच रचता यावा म्हणून दादाने धुळ्याच्या एका बॉडीवाल्याकडून हौद्यावर लोखंडी पिंजरा बसवून घेतलेला. यावल-रावेरकडची केळी भरायची, भुसावळवरून जळगाव, मग बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडून पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे करत धुळ्याच्या पिकवणी केंद्रावर उतरवायची आणि येताना ढेप आणायची, हा तिचा धंदा. जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर. अंगावर माल घेऊन ती हे अंतर कुरकुर न करता तोडायची. डिझेलला काटकसरी, ब्रेकला प्रामाणिक, चढाला दमदार. खोड एकच.

किल्ली पहिल्या घरात गेली की डॅशबोर्डवर सगळे दिवे लखलखीत. किल्लीतल्या चिपची ओळख पटली की किल्लीचं चिन्ह विझायचं, हीटरचं वेटोळं दिसून जायचं. इथवर सगळं रीतसर. क्लच दाबून किल्ली पुढे नेली की बॉनेटखालून एक 'टक्', आणि पुढे काही नाही. त्या टक्सरशी दिवे मावळायचे, काटे शून्यावर पडायचे आणि टेपवरचं घड्याळ बाराला यायचं. किल्ली मागे घेतली की पुन्हा दिवाळी. अर्धा तास सावलीत उभी राहिली की काही घडलंच नाही अशा थाटात चालू. दुपारचा दीड वाजलेला असो की संध्याकाळचे सहा, तिच्या टेपवर बारा वाजून चारपाच मिनिटं झालेली असायची.

आता केळीला हा अर्धा तास परवडत नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण ४५ अंशांच्या उन्हात ताडपत्रीखाली ताटकळलेल्या केळीला ते कोण विचारतो? फार तापलेली केळी धड पिकत नाही. साल हिरवीच राहते आणि आतला गर लिबलिबीत होतो. मग व्यापारी फणी हातात घेऊन दाबून बघतो, काही बोलत नाही, आणि भाव पाडतो.

अशा वेळी रस्त्यावर सल्ल्यांना तोटा नसतो. खान्देशात गाडी बंद पडली आणि माणसं थांबली नाहीत असं होत नाही. पाण्याची बाटली, गमछा आणि निदान तिन्ही एकदमच पुढे येतात. "बॅटरी उतरनी." "रिले बघा, रिले." "सेन्सर गया व्हई." पूर्वी गाडीला दृष्ट लागायची, हल्ली सेन्सर जातो, दोन्हींपैकी एकही डोळ्यांनी दिसत नाही, त्यामुळे सांगणाऱ्याचं काही जात नाही. एका शहाण्याने तर छातीठोकपणे सांगितलं की कॉम्प्युटरच जळाला, आता हजारोंचा खड्डा.

दादाने सगळं केलं. बॅटरी नवी आली. मग सेल्फ उघडून कार्बन बदलले. मग रिले, मग किल्लीचा स्विच. गंमत अशी की प्रत्येक दुरुस्तीनंतर ती थोडे दिवस निमूट चालायची आणि ज्याने त्याने आपलंच औषध लागू पडल्याचं सांगायचं. बॅटरीवाला म्हणायचा बॅटरीच होती, सेल्फवाला म्हणायचा बघा, मी म्हणत नव्हतो? खरं कारण साधं होतं. काहीही बदलायचं तर आधी बॅटरीच्या केबली ओढाव्या लागतात, हलवाव्या लागतात, पुन्हा आवळाव्या लागतात. त्या हलवाहलवीत दुखरी जागा थोडी सरकायची आणि तेवढ्यावर आठवडा निघायचा. अधिकृत वर्कशॉपमध्ये नेली तर तिथे ती दहा वेळा सेल्फ मारला तरी दहाही वेळा चालू झाली. स्कॅनर लावला. त्याने एवढंच सांगितलं की मधूनमधून व्होल्टेज पडतं. ते घड्याळही सांगत होतंच की. पावती मात्र छापून मिळाली.

जुन्या डिझेल जीपची गोष्ट वेगळी होती. तिचा पंप यांत्रिक. उतारावर सोडली, दुसऱ्या गिअरला क्लच सोडला की बॅटरी मेलेली असली तरी धुराचा लोट काढून निघायची. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या गाड्या आल्या. त्यांत डिझेलचा दाब, इंजेक्टर कधी उघडायचा, टर्बो, धूर, सगळं कॉम्प्युटरच्या हुकमात. त्याला वीज मिळाली नाही तर गाव धक्का मारून दमेल, पण इंजिन पेट घेणार नाही. म्हणूनच लोक नव्या गाडीला भितात आणि काहीही बिघडलं की पहिला संशय कॉम्प्युटरवर घेतात.

पण आमची ही धक्क्याने चालू व्हायची! लोकांनी ढकललं, दादाने दुसऱ्याला टाकून क्लच सोडला की एका हिसक्यात चालू. भरल्या गाडीला ढकलायला माणसं जास्त लागायची, एवढंच. त्यामुळे दादाची नजर बदलली. ढाबा निवडताना तो जेवण कसं आहे ते बघेना, पुढे उतार आहे का ते बघू लागला. बांभोरीपासून फागण्यापर्यंत पुलांचे उतार, बायपासचे चढ, पंपांच्या दारातले ढाळ त्याला पाठ झाले. एका ढाब्यावर शेवभाजी फक्कड मिळते, पण जागा सपाट, म्हणून आम्ही ती शेवभाजी सोडली. पिकअपने माणसाच्या जिभेवर इतका अधिकार गाजवावा, हे मला अजूनही पटलेलं नाही.

ह्या धक्क्यातच उत्तर होतं, आणि ते ओळखलं जळगावच्या अजिंठा चौफुलीजवळच्या एका म्हाताऱ्या वायरमनने. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. उस्तादांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "धक्क्याने होते?" होते म्हटल्यावर म्हणाले, "मग कॉम्प्युटर ठीक, किल्ली ठीक, डिझेल ठीक. जोर लागतो तिथेच दम नाही." मग विचारलं, "घड्याळ बाराला येतं?" दादा त्यांच्याकडे बघतच राहिला.

सेल्फ ही चीज गाडीतली सगळ्यात खादाड. १९१२ साली कॅडिलॅक गाड्यांत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारताना हात मोडून घेण्याचे दिवस सरले. पण हँडलवाल्याच्या दंडातली ताकद तेव्हापासून बॅटरीतून काढावी लागते. डॅशबोर्डचे दिवे, टेप, कॉम्प्युटर यांचं थोडक्यात भागतं. सेल्फला डिझेल इंजिन फिरवायला काही क्षण दोनशे आणि त्याहून जास्त अँपिअर लागतात. त्या वाटेत कुठे ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा असला, तरी दोनशे अँपिअरला दोन व्होल्ट तिथेच जिरतात. अडथळा आणखी वाढला की बारा व्होल्टांच्या घरात सगळ्यांचीच उपासमार. म्हणून दिवे मावळतात, घड्याळ विसरतं. किल्ली मागे घेतली, सेल्फची मागणी संपली, की तीच वाट दिव्यांना पुरून उरते.

उस्तादांनी गाडी उन्हात उभी करायला लावली. आम्ही तास-दीड तास महामार्गावर पळवून आणली होती, तरी त्यांना आणखी धग हवी होती. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरून म्हणाले, "मार सेल्फ." दादाने किल्ली फिरवली. टक्. जिथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं तिथे आकडा कितीतरी वर गेला. त्यांनी दुसऱ्यांदा मीटर बघितलंही नाही. एक जाड जंपर केबल आणली, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनला चिमटवलं. "आता मार." इंजिन गरगर फिरलं आणि सुरू झालं. दादा कौतुकाने हसला, उस्ताद हसले नाहीत; ते चेसीवर वाकून बोल्ट शोधत होते.

बॅटरीपासून निघालेली काळी केबल चेसीला ज्या बोल्टने आवळलेली असते, तो बोल्ट त्यांनी काढला. केबलच्या टोकाची तांब्याची आय काळवंडलेली, आणि खाली चेसीवर गुळगुळीत, चकचकीत रंग. पिंजरा बसवताना वेल्डिंग करायचं होतं. वेल्डिंगच्या करंटने कॉम्प्युटर जातो म्हणून बॉडीवाल्याने बॅटरीच्या केबली सोडवल्या होत्या, ते बरोबरच केलं. मग चेसीला झकास रंग मारला, आणि केबल त्या रंगावरच आवळून दिली. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून काय झिरपेल तेवढ्यावर गाडी इतके महिने चालत होती. वर पावसाचं पाणी, केळीच्या चिकाचे डाग घालवायला मारलेला प्रेशरचा पंप, त्याने आटे गंजले. गार असताना जोड जेमतेम धरायचा, इंजिनची धग बसली की सोडायचा. चारचौघांत अडण्याची हौस वगैरे काही नव्हती. चारचौघं भेटतात तिथेच गाडी तापून थांबते.

उस्तादांनी रुपयाएवढ्या जागेचा रंग पॉलिशपेपरने खरवडला, लोखंड पांढरं केलं, आय घासली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस फासलं. आधीच्या सगळ्या दुरुस्त्यांच्या मानाने त्यांनी इतके थोडे पैसे मागितले की दादाला वाटलं, काम अजून बाकी आहे.

माझ्या मते ही गाडी लहरी नव्हतीच. लहरी माणूस दर वेळी नवं कारण काढतो. ही दर वेळी तेच टक्, तेच बारा दाखवत होती. तिची तक्रार एकच होती आणि ऐकणारे मात्र ज्याच्या दुकानात जे होतं ते विकत होते.

तेव्हा तुमची पिकअप तापल्यावर अशीच टक् करून गप्प होत असेल आणि धक्क्याने मात्र चालू होत असेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी एवढं करा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला. कोणालातरी चारपाच वेळा सेल्फ मारायला लावा, किल्ली बंद करा, आणि काळी केबल जिथे चेसीला आवळली आहे त्या बोल्टला बोट लावून बघा. शेजारच्या लोखंडापेक्षा तो जास्त चटका देत असेल, तर एक पाना आणि पॉलिशपेपरचा तुकडा पुरतो.