शिंकं मिळेल का, शिंकं?
छोट्या कुंड्या टांगायच्या तर कशात? मॉलपासून बुरूड आळीपर्यंत एका शनिवारची भटकंती

पुण्यात फ्लॅट विकत घ्या किंवा भाड्याने घ्या, त्याच्यासोबत गॅलरी नावाची एक गंमत पदरात पडते. ब्रोशरमध्ये तिच्यात दोन खुर्च्या, कॉफीचे मग आणि हसरं जोडपं असतं. प्रत्यक्षात तिथे वॉशिंग मशीन येतं, कपड्यांचा स्टँड येतो, एसीचं धूड येतं आणि उरलेल्या दीड फुटात आपण बॉसचा फोन घ्यायला उभे राहतो. झाडांना खाली जागा नाही आणि कठड्यावर ठेवायला सोसायटीची बंदी. मग झाडांची हौस असलेल्याने करायचं काय?

वर बघायचं! डोक्यापासून स्लॅबपर्यंतची सगळी हवा रिकामीच असते आणि तिचंही भाडं आपण इमानेइतबारे भरत असतो.

माझ्यासाठी हा प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता. आजी राहायची तो नारायण पेठेतला वाडा रीडेव्हलपमेंटला गेला आणि ती काकाकडे नाशिकला राहायला गेली. अंगणातला पारिजातक गेला, तुळशीवृंदावन गेलं. भांडीकुंडी नातेवाइकांत वाटली गेली. माझ्या वाट्याला आल्या नऊ छोट्या कुंड्या. ओवा, पुदिना, मनीप्लांट, दोन स्पायडर प्लांट, चार ऑफिस टाइम. ‘बाकी काही नको सांभाळूस, एवढी जगव,’ एवढंच आजी म्हणाली. आता वाड्यातलं जिवंत असं हेच काय ते उरलंय.

माझा फ्लॅट पिंपरीजवळ, तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीच्या बरोबर खाली सोसायटीची पोरं सायकली फिरवतात. शाळेतलं फिजिक्स आठवा. नऊ मीटरवरून सुटलेली कुंडी खाली पोचते तेव्हा तिचा वेग ताशी ४५ ते ५० किलोमीटर असतो. म्हणजे सोसायटीची बंदी शंभर टक्के बरोबर! मला हवं होतं असं काहीतरी, ज्यात कुंडी टांगली की रात्री वारा सुटला तरी मी शांत झोपू शकेन.

पहिली चक्कर अर्थातच मॉलमध्ये. तिथे पांढऱ्याशुभ्र दोऱ्यांचे, झालरी लावलेले मॅक्रमेचे हँगर रांगेत लटकत होते. फोटोत सॉलिड दिसतील असे. ‘हा किती वजन घेईल?’ असं विचारल्यावर सेल्समनने आधी हँगरकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘मॅडम, हा डेकोरेटिव्ह आहे.’ विषय संपला. मी हात हलवत परत.

रात्री आजीला फोनवर हे सगळं सांगितलं. ती हसली. ‘अगं, मग शिंक्यात ठेव की!’

शिंकं! ‘शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं’ ही म्हण आपण शाळेत पाठ केली, पण शिंकं बघितलंय किती जणांनी? फ्रिज नव्हते तेव्हा दूध, दही, लोणी मांजरापासून आणि मुंग्यांपासून वाचवायला घरात शिंकं असायचं. तळाला चुंबळीसारखं दोरीचं कडं, त्यातून वर गेलेल्या तीन-चार दोऱ्या, सगळ्या वर एका गाठीत बांधलेल्या आणि ती गाठ तुळईच्या कडीला अडकवलेली. आजीच्या स्वयंपाकघरात ती कडी होती. मी लहानपणापासून ती रिकामीच पाहिली आणि ती कशासाठी आहे हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. मॉलमध्ये ‘बोहो लुक’ म्हणून विकतात ती वस्तू आमच्या माजघरात अख्खं दह्याचं मडकं पेलत होती म्हणायची!

ठरलं. शनिवारी सकाळी शिंक्याच्या शोधात गावात जायचं.

निघण्याआधी एक काम केलं, ते तुम्हीही करा. कुंड्यांना भरपूर पाणी घातलं आणि एकेक कुंडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. चार इंची प्लॅस्टिकची कुंडी साधारण एक किलोच्या आत-बाहेर. सहा इंची मातीची मात्र जवळजवळ साडेतीन किलो! कोरडी कुंडी हलकी वाटते, पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन हे विसरून चालत नाही. कोकोपीट तर कोरडं असताना कापसासारखं असतं आणि भिजलं की कितीतरी पट जड होतं.

संत तुकाराम नगरहून मेट्रो पकडली. २०२४ च्या सप्टेंबरपासून स्वारगेटच्या मार्गावर मंडई स्टेशन सुरू झालंय, त्यामुळे पार्किंगसाठी घिरट्या घालायचा वैताग संपला. जमिनीखालून वर आलं की समोर महात्मा फुले मंडई. १८८६ मध्ये उघडली तेव्हा तिचं नाव होतं रे मार्केट, तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावावरून. तिच्या त्या मधल्या मनोऱ्याकडे एकदा मान वर करून बघायचं आणि पलीकडच्या तुळशीबागेत शिरायचं.

तुळशीबाग म्हणजे पेशवाईतलं राममंदिर आणि त्याच्याभोवती कानातल्यांपासून कुकरच्या शिट्टीपर्यंत जगातलं सगळं काही. इथे मला मॅक्रमेचा दोरा मिळाला. आपल्या आया-मावश्यांनी क्लास लावून ज्याची घुबडं आणि झुले केले, तोच तो चकचकीत दोरा. पण हँगर विचारल्यावर दुकानदार काका म्हणाले, ‘ताई, हा शोभेचा. वजनाचं काम असेल तर बोहरी आळीत जा.’ गिऱ्हाईक स्वतःहून दुसरीकडे पाठवणारा दुकानदार! पुण्यात असंही घडतं, राव.

रविवार पेठेतली बोहरी आळी हा आपल्यासारख्या ऑनलाइन ऑर्डरवाल्यांनी एकदा तरी बघायचा इलाका आहे. बिजागऱ्या, साखळ्या, खिळे, पत्र्याचे डबे, सगळं पायरीपर्यंत ओसंडून वाहत असतं. एका हार्डवेअरच्या दुकानात मी कुंडीचं पुराण सुरू केलं, तर मालकांनी हातानेच थांबवलं.

‘काय टांगायचंय ते राहू द्या. वजन बोला.’

‘एक किलो. काही साडेतीन.’

‘ओली की सुकी?’

‘ओली.’

‘मग हूक दाखवतो.’

ओली की सुकी! मॉलमध्ये जो प्रश्न कुणाला सुचला नाही, तो इथे दुसऱ्याच वाक्यात आला. मग दहा मिनिटांचं फुकट लेक्चर मिळालं. एक किलोच्या कुंडीला एक किलोचा हूक घ्यायचा नसतो. वाऱ्याने ती हिसके देते, आपण पाणी घालताना खाली ओढतो. म्हणून तीन-चार पट ताकदीचा घ्यायचा. उघडा ‘एस’ हूक गॅलरीत नकोच, झोक्याबरोबर तो दांडीवरून निसटू शकतो. त्याऐवजी किल्ल्यांच्या जुडग्याला असतो तसा, स्प्रिंगची जिभली असलेला बंद हूक घ्यायचा. आणि भाड्याच्या घरात ड्रिल चालत नसेल, तर ग्रिलच्या आतल्या बाजूची आडवी पट्टी किंवा मालकाने बोल्ट मारून बसवलेली कपड्यांची दांडी हेच आपलं आढं. पंख्याच्या हुकाला मात्र हात लावायचा नाही!

हूक झाले. आता दोरी. दोरखंडांच्या दुकानात शिरलात की आधी वास येतो, तागाचा आणि काथ्याचा. मी विचारलं, ‘शिंकं मिळेल का?’ दुकानातल्या म्हाताऱ्या मामांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘तयार नाही मिळायचं. कशाला पायजे?’

कुंडीला म्हटल्यावर त्यांनी सगळा मालच समोर मांडला. तागाची सुतळी स्वस्त आणि देखणी, पण रोज भिजली की कुजते. गॅलरीत एखादा पावसाळा काढला तरी पुष्कळ. सुती दोरी मऊ, पण ओली झाली की ताणली जाते आणि काळी पडते. ती घरात, कोरड्या कोपऱ्यातच बरी. प्लॅस्टिकची रंगीत दोरी ताकदवान, पण उन्हाने तिचे तंतू ठिसूळ होतात. हाताला भुसा लागायला लागला की समजायचं, तिचे दिवस भरले. नायलॉन टिकतो, पण गुळगुळीत असल्यामुळे गाठ सुटते. म्हणून डबल गाठ आणि टोकं मेणबत्तीवर जाळून घ्यायची. आणि काथ्या, म्हणजे नारळाच्या सोडणाचा. दिसायला राकट, हाताला टोचणारा, पण पाण्याला दाद न देणारा. गॅलरीसाठी मामांचं मत काथ्याला.

दोर वळणं हे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाचं कसब. अंबाडीचा वाख, घायपात यांचे दोर हातांनी वळले जायचे, त्यावर शेती चालायची, विहिरी चालायच्या. यंत्राच्या दोऱ्या आल्या आणि हे काम सुटत गेलं. घरोघरी फ्रिज आले आणि शिंक्यांचंही तेच झालं. मामा म्हणाले, ‘वस्तू गेली तरी गाठ जात नाही, पोरी. इकडे बस.’ आणि गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसवून त्यांनी मला शिंकं बांधायला शिकवलं. एकदम सोप्पं आहे.

अडीच-अडीच मीटरचे काथ्याचे तीन तुकडे घ्या. तिन्ही एका लोखंडी कडीतून ओवून मधोमध दुमडा आणि कडीखाली घट्ट गाठ मारा. सहा टोकं झाली, त्यांच्या तीन जोड्या करा. साधारण दीड फूट खाली प्रत्येक जोडीला एकेक गाठ. तिथून चार बोटं खाली जोड्या बदला. या जोडीतली एक दोरी आणि शेजारच्या जोडीतली एक घेऊन पुन्हा तीन गाठी. झाली जाळी! आणखी चार बोटं खाली सहाही टोकं एकत्र आवळून एक मोठी निरगाठ. सुरगाठ नाही, निरगाठ. कुंडी आत बसवा. ती वजनाने जितकी खाली दबते, तितकी जाळी तिला घट्ट धरते. सहा इंची कुंडी असेल तर तीनऐवजी चार तुकडे घ्या.

परतीच्या वाटेवर विचारत विचारत बुरूड आळी गाठली. सूप, टोपल्या, रोवळ्या, परड्या आणि बांबूच्या कांबी सोलणारे भराभर चालणारे हात. एका मावशींकडून दोन परड्या घेतल्या, पुदिन्यासाठी. ‘दोऱ्या तीनच लावा,’ मावशी म्हणाल्या. ‘चार लावल्या की एक नेहमी ढिली राहते.’ विचार केला तर अगदी बरोबर. तीन दोऱ्यांवर वजन आपोआप वाटलं जातं. चौथीची लांबी जराशी चुकली तरी ती नुसती शोभेला उरते. इंजिनीअरिंगची चार वर्षं करूनही हे मला मावशींनी सांगावं लागलं! बांबूला बुरशी लागू नये म्हणून परडीत कुंडीखाली खोलगट ताटली ठेवायची, हाही त्यांचाच सल्ला.

रविवारी दुपारपर्यंत सात कुंड्या ग्रिलच्या आत टांगून झाल्या. ओवा आणि एक स्पायडर प्लांट मातीच्या जड कुंड्यांत होते, ते वॉशिंग मशीनच्या बाजूला जमिनीवरच विसावले. प्रत्येक शिंक्याला मी दोन मिनिटं पूर्ण जोर लावून खाली ओढून बघितलं. एकही हललं नाही.

ऑफिस टाइमची एक गंमत सांगते. ही फुलं ऊन चढल्यावर, आपण ऑफिसला पोचायच्या वेळी उमलतात आणि संध्याकाळी आपण घरी येईपर्यंत मिटलेली असतात. पाच दिवस त्यांची आणि माझी चुकामूक. भेट फक्त शनिवार-रविवारी.

संध्याकाळी आजीला व्हिडिओ कॉल लावला. तिने चष्मा सावरत एकेक कुंडी मोजली, पुदिन्याची चौकशी केली, मग म्हणाली, ‘फोन जरा वर धर. गाठ दाखव.’ गाठीकडे बराच वेळ बघत राहिली. ‘जमलंय गं. माझी आई अशीच बांधायची.’

तुम्ही टांगणार असाल तर...
- वजन पाणी घातल्यावर करा आणि हूक त्याच्या तीन-चार पट ताकदीचा घ्या.
- कुंडी नेहमी ग्रिलच्या आत टांगा, रस्त्याच्या बाजूला कधीच नाही.
- पाणी घालताना कुंडी उतरवून बाथरूममध्ये न्या, निथळू द्या, मग परत टांगा. खालच्या काकूंचे वाळत घातलेले कपडे वाचतील आणि तुमचे संबंधही.
- खालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा तरी ताटली रिकामी करून घासा.
- पावसाळ्याच्या आधी आणि नंतर प्रत्येक गाठ हाताने चाचपून बघा. दोरी विरली असेल तर दया दाखवू नका, नवी बांधा.