खोट राहिलेले शिपाई

वाचकहो, बी-बियाणं आणि खतपाणी याविषयी आपण नेहमीच बोलतो. आज थोडं माझ्या छंदाविषयी सांगतो. रात्री जेवणं आटोपली की मी दिव्याखाली बोटाच्या पेराएवढे धातूचे शिपाई रंगवीत बसतो. पन्नाशी उलटलेल्या शेतकी अधिकाऱ्याला हे कसलं वेड, असं तुम्हाला वाटेल.

माझे थोरले बंधू व्यापारी जहाजावर नोकरीला होते. १९८१ साली त्यांनी इंग्लंडमधल्या साउदम्प्टन बंदरातून चाळीस शिपायांचा डबा आणला. नेपोलियनच्या काळातलं फ्रेंच पायदळ, उंची २५ मिलिमीटर. असे शिपाई मांडून लढाईचा खेळ खेळण्याची तिकडे जुनी रीत आहे. एच. जी. वेल्स या लेखकाने १९१३ साली या खेळाच्या नियमांचं पुस्तकच काढलं. दादांनी त्यातले दोनच शिपाई रंगविले. पुढे नोकरी आणि संसार यात बाकीचे राहून गेले. २०१९ साली दादा गेले. सामान आवरताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यातले निम्मे अर्धवटच आहेत. मोडीत घालू का?" मी डबा घरी आणला.

आता ही खोट येते कशी, ते पाहा. शिसं आणि कथिल वितळवून रबराच्या दुभागी साच्यात ओततात. साचा थंड असला की रस टोकापर्यंत पोचण्याआधीच गोठतो. मग कुणाला संगीन नाही, कुणाला नाक नाही. हवा अडकली तर खळगे पडतात. साच्याचे भाग सरकले तर अंगावर पायरी उमटते आणि सांध्यातून रस निसटला तर पापुद्रा राहतो.

मी आधी साबणाच्या पाण्याने शिपाई धुतो. पापुद्रा बारीक कानशीने काढतो. खळग्यात एम-सील भरतो, आपण गळक्या पाइपाला लावतो तेच. संगीन नसेल तर छोटं भोक पाडून टाचणीचा तुकडा बसवतो. मग अस्तराचा पातळ हात, त्यावर निळा कोट, पांढरे पट्टे. रंग पातळच हवा. जाड रंगाने उरलेले बारकावेही बुजतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. शिसं विषारी आहे. कानस चालवताना मी धातू ओला ठेवतो. कीस ओल्या कागदाने टिपून वेगळ्या डबीत बंद करतो. चुलीत किंवा उकिरड्यावर टाकत नाही. हात धुतल्याशिवाय पाण्याच्या तांब्याला शिवत नाही. लहान मुलांच्या हाती हे शिपाई द्यायचे नाहीत. लाकडी पेटीतही ठेवू नयेत. लाकडातून निघणाऱ्या आम्ल वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि शिपाई झिजतो.

चौतीस शिपाई पुरे झाले. दादांनी रंगविलेल्या दोघांपैकी एकाला नाकच नाही. त्या सपाट चेहऱ्यावरच त्यांनी डोळे आणि झुपकेदार मिशा काढल्या आहेत. त्याला मात्र मी हात लावलेला नाही. परवा वहिनी आल्या होत्या. बराच वेळ त्यालाच तळहातावर घेऊन बसल्या. मोडीचं नाव काही निघालं नाही.

आता भिंगाशिवाय दिसत नाही. तरी उरलेले चार दिवाळीपर्यंत उभे करावेत, असा बेत आहे.