कोयनेच्या वाटेने गुहागर

पुण्याहून गुहागरला जाण्याच्या वाटा पुष्कळ. ताम्हिणीने उतरून माणगावला महामार्ग गाठता येतो, वरंध्याने महाडला जाता येते. या वाटा आमच्या अण्णांना ठाऊक नाहीत असे नाही; मान्य नाहीत. त्यांची वाट एकच : सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि कुंभार्ली घाट. कारण विचाराल तर सांगतील, "कोयना दिसली पाहिजे."

वाटेप्रमाणे त्यांची गाडीही एकच. १९७० ची फियाट डिलाइट, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. १९७४ पासून जिला पद्मिनी हे नाव मिळाले तिची थोरली बहीण म्हणा ना! मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तेव्हा अण्णा दिवसभर फारसे बोलले नव्हते.

या खेपेस मात्र प्रवासाला निराळाच रंग होता. जुन्या गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आमची मुदत जानेवारीत संपत होती. त्यातच दोन महिने गाडीने छळ मांडलेला. सकाळी बिनतक्रार सुरू व्हायची आणि भाजी आणायला मंडईत थांबवली की तिथेच बसायची. नवी बॅटरी घातली. डायनामो पुन्हा भरून घेतला. सेल्फ उघडून नवे कार्बन बसवले. तीन बिले झाली, गाडी होती तशीच! गॅरेजचे नाव सांगत नाही. दिवाळीत कुणाचे वाईट कशाला चिंता? अखेर आमच्या चिरंजीवांनी निकाल दिला, "आजोबा, या प्रवासात ही कुठे अडली, तर जानेवारीत भंगारात." शहाऐंशी वर्षांचे अण्णा नुसते "बरं" म्हणाले आणि आपली काठी घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसले.

खंबाटकी तिने हूं की चूं न करता ओलांडली. साताऱ्यात चहा झाला, सौ.ने कंदी पेढे घेतले, आम्ही गाडीत बसलो, मी किल्ली फिरवली आणि आतून आवाज आला, टक्! बस्स. पुन्हा टक्! चिरंजीवांनी खिडकीबाहेर पाहिले. त्या पाहण्यात सगळे आले.

"दिवे लाव," अण्णा म्हणाले.

दिवे लावले. समोरच्या भिंतीवर लख्ख उजेड पडला. "आता सेल्फ मार." मारला. टक् झाले; पण भिंतीवरचा उजेड जराही मंदावला नाही. "बॅटरीला काही झालेले नाही," अण्णांनी सांगून टाकले.

वाचकांपैकी ज्यांच्या दारात जुनी गाडी असेल, त्यांनी ही परीक्षा ध्यानात ठेवावी. हिला दमडी लागत नाही. सेल्फ मारताना दिवे विझू विझू झाले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या खुंट्यांवर पांढरा-हिरवा क्षार जमला आहे, किंवा सेल्फच आत जाम झाला आहे. दिवे जसेच्या तसे राहिले, तर बॅटरीत वीज आहे, पण ती सेल्फपर्यंत पोचत नाही. मग नवी बॅटरी घालणे म्हणजे बंबाचा नळ तुंबला म्हणून नवा बंब आणण्यासारखे!

तेवढ्यात मागून सौ. म्हणाली, "कसला तरी जळका वास येतोय हो." मी सहज चोकच्या बटणाला हात लावला, तो चटका बसला. चोकची ती बारीक तार. तिला तापायचे काय कारण? याचे उत्तर तेव्हा कुणालाच सुचले नाही. स्टँडाजवळच्या चार पोरांनी धक्का दिला, दुसऱ्या गिअरमध्ये गाडीने उचल खाल्ली आणि आम्ही निघालो. आता पाटणपर्यंत इंजिन बंद करायचे नाही असे ठरले.

उंब्रज सोडले की महामार्गाचा गलबला मागे पडतो. पाटणच्या वाटेला ऊस, मधूनच भाताची कापणी, आणि डोंगर हळूहळू दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात. एरवी इथे अण्णांच्या गोष्टी सुरू होतात. ते कऱ्हाडला मास्तर होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने खोलीतली फळी त्यांच्या अंथरुणावर कोसळली होती. ही गोष्ट आम्हांला पाठ आहे. त्या दिवशी मात्र ते गप्प होते आणि त्यांची नजर डायनामोच्या लाल दिव्यावर होती. गाडी सावकाश चालली की डायनामोचा लाल दिवा मिणमिणतो, वेग आला की विझतो. तसा तो विझतही होता. पण पुरता नाही. काजव्यासारखा कुठेतरी आत तग धरून होता.

पाटणला रस्त्याकडेच्या एका टपरीपुढे जुन्या बॅटऱ्यांची रांग दिसली, म्हणून थांबलो. आतून साठीचे एक वायरमन बाहेर आले. बॉनेट उघडले, काही वेळ नुसते पाहिले आणि अण्णांकडे वळून विचारले, "काका, एवढ्यात इंजिन खाली उतरवलं हुतं का?"

"श्रावणात. क्लचप्लेट बदलली."

"मग हाय!"

त्यांनी मीटर आणला. एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर ठेवले, दुसरे इंजिनाच्या अंगावर, आणि मला सेल्फ मारायला सांगितले. टक् झाले. काटा शून्यापाशी थरथरावा, तो आठ व्होल्टांवर जाऊन उभा राहिला! मग दुसरे टोक इंजिनावरून काढून गाडीच्या पत्र्यावर टेकवले; आता काटा शून्यावर. म्हणजे बॅटरीपासून पत्र्यापर्यंत वाट मोकळी, आणि पत्र्यापासून इंजिनापर्यंत बंद.

इंजिन रबराच्या गाद्यांवर बसवलेले असते, त्यामुळे विजेच्या दृष्टीने ते गाडीच्या पत्र्यापासून तुटलेले असते. ते जोडायला तांब्याच्या विणलेल्या तारेची एक पट्टी लागते. तिला वायरमन लोक अर्थिंगची पट्टी म्हणतात. आमची पट्टी जागेवर होती. पण तिचे एक टोक रंग फासलेल्या पत्र्यावरच आवळले होते, आणि अर्धे पदर तुटले होते. साठ वॅटच्या दिव्याला पाच अँपिअर पुरतात, आणि दिवे पत्र्यालाच जोडलेले. म्हणून ते लख्ख. सेल्फला मात्र शंभराच्या वर अँपिअर लागतात. इतका प्रवाह त्या पट्टीतून परतू शकेना, म्हणून जी मिळेल ती वाट तो धरू लागला, आणि मिळाली ती चोकची तार! चटक्याचा उलगडा झाला.

"पण चार्जिंगचे काय?" चिरंजीवांनी विचारले. त्यांच्या आवाजात आता वकिली उरली नव्हती.

"आवो, डायनामो बी इंजिनालाच आवळलाय न्हवं? त्येचा करंट तरी कुठनं परत यील?"

अण्णांच्यातला मास्तर जागा झाला. "पुढे पोफळीला बघ," ते नातवाला म्हणाले. "कोयना पूर्वेला जाणारी नदी. तिचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिमेला पाडतात, वीज करतात आणि वाशिष्ठीला सोडून देतात. पाण्याला परत यायची गरज नाही. विजेला मात्र बॅटरीत परतावेच लागते. ती वाट तुटली, की घरात धान्य असून चूल पेटत नाही."

वायरमननी पत्रा पांढराफटक होईतो खरवडला, जाड तारेची नवी पट्टी दातेरी वायसर घालून आवळली, वरून व्हॅसलिन चोपडले. सेल्फ पहिल्याच हाताला फिरला. इंजिन जरा चढवून बॅटरीवर मीटर लावला. मघाशी साडेबारासुद्धा दाखवत नव्हता, तो चौदावर गेला. दिवे लावूनही साडेतेराच्या खाली येईना. मजुरीचे दोनशे रुपये. तीन बिलांची बेरीज मी सौ.देखत केली नाही.

कोयनानगरला पोचेतो ऊन उतरले होते. अण्णांनी धरणाकडे पाहून नुसती मान हलवली. कुंभार्लीच्या माथ्यावर अंधार पडला. हा घाट अंधारात उतरायचा तर दिव्यांवर भरवसा हवा. डायनामो भरत नसेल, तर बॅटरी दिव्यांतून रिकामी होत जाते आणि नेमके वळणावर डोळे मिटतात. समोरून ट्रक येत होते. खाली पोफळीचे दिवे चमकत होते. त्या डोंगराच्या पोटात वीजघर आहे, आणि कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट. चिरंजीव मात्र तिकडे पाहत नव्हते. ते पुढे वाकून लाल दिव्याकडे पाहत होते. तो पुरता विझलेला होता.

चिपळूणला चहासाठी थांबलो. "इंजिन बंद कर," अण्णा म्हणाले. "चालू राहू दे ना आजोबा, कशाला परीक्षा?" हे चिरंजीवच! पण अण्णांनी हट्ट सोडला नाही. दहा मिनिटे गाडी मुकाट उभी होती, आणि आम्हां कुणाचे चहात लक्ष नव्हते.

"आता तू मार," अण्णांनी किल्ली नातवाच्या हातात दिली.

अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागले. गुहागरपर्यंतचे पंचेचाळीस किलोमीटर त्यानेच चालवली. अण्णांनी पेढ्याचा पुडा उघडला, पहिला पेढा त्याला दिला आणि विचारले, "नोंदणीच्या अर्जाला माझी सही कुठे कुठे लागेल रे?"