समुद्र उजव्या हाताला

परदेश पाहून आलेल्या माणसाच्या कौतुकातून रुपयामागे आठ आणे वजा करावेत, असा माझा जुना हिशेब आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे व्हँकूवर पाहिले आणि तो हिशेब तेथे लागू पडेना. पॅसिफिक महासागराचे पाणी खाडी होऊन गावात शिरलेले. खाडीपलीकडे पाण्यातूनच उठल्यासारखे डोंगर. जून उजाडला तरी त्यांच्या माथ्यांवर बर्फाचे पांढरे ठिपके. आणि उंच उंच इमारतींना अगदी खेटून हजार एकरांचे अरण्य! पाऊस वर्षाकाठी मुंबईच्या निम्माच. पण तो कोसळत नाही, रिमझिमत राहतो. पाहुण्या बाईसारखा निघता निघत नाही, इतकेच.

या गावाला आपल्या रूपाची चांगलीच जाण आहे. डोंगर दिसत राहावेत म्हणून १९८९ मध्ये येथे चक्क नियम झाले. ठरावीक जागांवरून डोंगर दिसलाच पाहिजे. मध्ये येणाऱ्या इमारतीने आपली उंची आवरती घ्यावी! घरांची टंचाई वाढली तेव्हा २०२४ मध्ये त्यांतले काही नियम सैल करण्यात आले. तरीसुद्धा माणसाच्या नजरेलाही वहिवाटीचा हक्क असतो, ही कल्पनाच मला मोठी गोड वाटली.

माझी भाची अकरा वर्षे या गावात राहते. नोकरी करते, संसार करते, आणि डब्यात अजून थालीपीठ नेते. एका रविवारी, उन्हे कलायच्या पुष्कळ आधी, ती म्हणाली, “मामा, पायांत बूट घाला. आज तुम्हांला गाव बाहेरून दाखवते.” गाव बाहेरून म्हणजे स्टॅन्ली पार्कभोवतीची दगडी वाट. एका अंगाला अरण्य, एका अंगाला समुद्र, आणि मधून सुमारे नऊ किलोमीटरांचा फेरा. सायकलवाल्यांना घड्याळाच्या उलट दिशेनेच जावे लागते. आम्हीही तीच दिशा धरली. मी म्हटले, “अग, प्रदक्षिणा उलटी होते आहे. देव उजव्या हाताला हवा.” ती म्हणाली, “उजव्या हाताला समुद्र आहे की!” मी तिचे म्हणणे मान्य केले.

पार्कात शिरण्याआधी कोल हार्बरच्या काठाशी एक स्मारक लागते. २०१२ मध्ये उभारलेले. ‘कोमागाटा मारू’ या जपानी आगबोटीचे. गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेली ही बोट ३७६ हिंदी प्रवासी घेऊन २३ मे १९१४ रोजी येथे पोचली. बहुतेक पंजाबचे शीख. थोडे मुसलमान, थोडे हिंदू. सारे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, आणि व्हँकूवर त्याच साम्राज्यातले बंदर. पण कायदा असा होता की, स्वदेशातून एकाच सलग प्रवासाने आलेल्यालाच येथे उतरता येईल. आणि हिंदुस्थानातून तसे थेट आणणारी बोटच नव्हती! कायदा करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. पूर्वी कॅनडात राहून गेलेले वीस-एक जण तेवढे उतरले. बाकीच्यांना दोन महिने खाडीतच ठेवले. अन्नपाण्याचे हाल झाले. काठावर बघ्यांची गर्दी होई. २३ जुलैला लढाऊ जहाजाच्या पहाऱ्यात बोट परत धाडली गेली. सप्टेंबरात ती कलकत्त्याजवळ बजबजला लागली, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिच्यातले अनेक जण मारले गेले.

मी पाण्याकडे पाहिले. समोर तेच डोंगर. त्या माणसांनी हे सौंदर्य दोन महिने, सकाळ-संध्याकाळ, पोटभर पाहिले असेल. पोट मात्र रिकामे! एवढे देखणे गाव समोर असावे आणि त्याच्या मातीला पाय लावता येऊ नये! कॅनडाच्या पंतप्रधानांनी २०१६ मध्ये संसदेत याबद्दल क्षमा मागितली. १०२ वर्षांनी. भाची म्हणाली, “कचेरीला जाताना मी रोज इथूनच जाते.” एवढेच म्हणून ती चालू लागली.

पार्काचीही एक कथा आहे. १८८६ च्या एप्रिलात हे नगर कागदावर जन्मले आणि लगेच मे महिन्यात नगरसभेने सरकारकडे हे रान उद्यानासाठी मागितले. आपण आधी रान तोडतो आणि मग उद्यानासाठी जागा शोधतो. यांनी उलटे केले, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात शाबासकी देत होतो. पण रान रिकामे नव्हते. ख्वायख्वाय नावाचे मूळ रहिवाशांचे गाव येथे पिढ्यान्पिढ्या नांदत होते. १८८८ साली पार्काचा रस्ता त्या गावातूनच काढला. शतकानुशतके खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे जे ढीग तेथे साठले होते, तेच उकरून रस्त्यावर पसरले. त्या वेळी लहान असलेल्या ऑगस्ट जॅक खात्सालानो यांनी म्हातारपणी सांगून ठेवले आहे की, मोजणीदारांनी त्यांच्या राहत्या घराचा कोपराच तोडला होता. निसर्ग जपला म्हणतात तेव्हा तो कोणाच्या अंगणात होता, हेही विचारावे लागते.

अरण्य मात्र खरोखरीचे आहे. दोनदोनशे फूट उंचीचे डग्लस फर, लाल सालीचे सीडर, खाली कमरेएवढे नेचे. २००६ च्या डिसेंबरात एका वादळाने येथली सुमारे दहा हजार झाडे पाडली. वाटेलगत एक भला मोठा जुना बुंधा होता, आणि त्याच्या डोक्यावर हेमलॉकचे तरुण झाड उभे होते. बुंध्याला कवळ घालून त्याची मुळे खाली आली होती.

“हे बांडगूळ का ग?” मी विचारले.

“नाही मामा,” ती जरा जास्तच घाईने म्हणाली. “बांडगूळ जिवंत झाडाचा रस खातं. हे फक्त उभं राहायला जागा मागतं. मुळं शेवटी जमिनीतच जातात.” मग थोड्या वेळाने : “आई रागावली की हाच शब्द वापरते. तिकडे बांडगूळ होऊन राहिली आहेस, म्हणते.”

आमची ताई तशी तोंडाने फटकळ. पण ही झाडाविषयी बोलत नव्हती, हे मला कळले.

पुढे वाटेत जेम्स कनिंगहॅम या पाथरवटाचा स्मृतिफलक लागतो. समुद्राच्या लाटांनी काठ ढासळू नये म्हणून या भिंतीचे काम १९१७ मध्ये सुरू झाले. कनिंगहॅमने आयुष्याची तीसएक वर्षे हे दगड घडवण्यात आणि बसवण्यात घालवली. १९६३ साली तो वारला. भिंतीचा फेरा पुरा झाला १९७१ मध्ये. त्याच्या हातचे दगड मी थांबून हाताने चाचपून पाहिले. सांधे अजून घट्ट आहेत.

फेरा संपवून आम्ही इंग्लिश बेच्या वाळूवर, एका आडव्या ओंडक्याला टेकून बसलो. सूर्य अजून पाण्यावरच होता. खाडीच्या तोंडाशी मालवाहू जहाजे नांगर टाकून आपली पाळी येण्याची वाट पाहत होती.

“यांतलं एखादं आपल्याकडेही जायचं असेल,” भाची म्हणाली. “इथला मसूर, इथला वाटाणा जातो ना आपल्याकडे.” मग वाळूत बोटाने रेघ ओढत म्हणाली, “पुढच्या आठवड्यात माझी नागरिकत्वाची शपथ आहे, मामा. मग भारताचा पासपोर्ट परत करायचा. आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्ही सांगाल?”

मला त्या बोटीतली माणसे आठवली. त्यांनी मागितले ते या मुलीला मिळत होते, आणि ते घेताना तिचा हात कापत होता. दोन्ही खरे होते. ताईचे रडणेही खरेच असणार होते.

“सांगायचं तूच,” मी म्हणालो. “मी शेजारी बसतो.”

एवढ्यात अरण्यापलीकडून तोफेचा आवाज आला. येथे रोज रात्री नऊला एक जुनी तोफ उडते, आणि माणसे घड्याळे लावून घेतात. मीही मनगटाकडे पाहिले. पुण्यात सकाळचे साडेनऊ. ताईची पूजा आटोपून दुसरा चहा होण्याची वेळ. भाचीने डोळे पुसले आणि पिशवीतून फोन काढला.