तारेवरची ३१ कार्डं

जुन्या बाजारात गेले होते लॅम्पशेडसाठी. नवा फ्लॅट, नवा ईएमआय, त्यात ‘अँटिक लुक’वाल्या दुकानांतले भाव बघून बसलेला शॉक... म्हणून रविवारी सकाळी गाडी काढली आणि थेट मंगळवार पेठ. लॅम्पशेड काही मिळाली नाही. मिळाला तो सुतळीनं बांधलेला पोस्टकार्डांचा गठ्ठा. दुकानदार दोनशे म्हणाला, दीडशेवर मिटलं.

३१ कार्डं, सगळी एकाच हातची. वाईहून पुण्याला, मोठ्या भावानं धाकट्या बहिणीला लिहिलेली. प्रत्येकाला बरोब्बर मधोमध एक भोक. मला वाटलं कसर लागलीय. आई हसलीच. “अगं, तार! भिंतीवर तारेचा आकडा असायचा. पत्र वाचून झालं की त्यात ओवायचं.” म्हणजे तेव्हाचा इनबॉक्स!

शिक्के बघून कार्डं लावायला घेतली. सगळ्यात जुनं १४ जुलै १९६१ चं. पुणेकर असाल तर लगेच कळेल. १२ जुलैला सकाळी पानशेत फुटलं, त्याच दिवशी खडकवासलाही गेलं. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून धरण तगवलं, म्हणून पाणी शहरात आलं ते दिवसाउजेडी. नाहीतर माणसं झोपेतच गेली असती. कार्डावर दोनच ओळी : ‘पेपर वाचला. जसे असाल तसे उलट टपाली कळवा.’ पत्ता नारायण पेठेचा, पण तो पेन्सिलीनं खोडून शेजारी कुणीतरी शाळेचं नाव लिहिलंय. बहुधा पोस्टमननं. आधीचं एकही कार्ड का नाही, हे मला तेव्हा कळलं. पहिली तार नदीनं नेली होती. ही दुसरी.

तिसऱ्या कार्डापासून पत्ता गोखलेनगर. पूरग्रस्तांसाठी तिथे पत्र्याची अर्धगोल घरं उभी केली होती. मजकूर तोच तोच. पाऊस, हळदीचा भाव, घाटावर पाणी चढलं, गणपतीला या. खरं सांगते, बोअर झालं. आणि मग १९६४ च्या एका कार्डावर अडकले. तोवर प्रत्येक कार्डाची सुरुवात ‘चि. सौ. माईस अनेक आशीर्वाद’. इथे ‘चि. गं. भा. माईस’.

गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी. विधवेच्या नावामागे लावायचे. (मलाही विचारावंच लागलं.) काय झालं, कधी झालं, एका कार्डात नाही. असणार तरी कसं? ती बातमी पुण्याहून वाईला गेली असणार, कदाचित कोपरा फाडलेल्या कार्डावर. आणि तसलं कार्ड वाचलं की फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही. इथून पुढे प्रत्येक कार्डाच्या शेवटी दोन वाक्यं : ‘मनिऑर्डर पोचल्याचे कळवावे. मुलीची शाळा बंद करू नये.’ शेवटच्या चार कार्डांवर शिक्का पुसट आहे पण पिनकोड आहे, म्हणजे ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. वाक्यं तीच.

पुढच्या शनिवारी गोखलेनगर गाठलं. सेनापती बापट रोडवरून किती वेळा गेलेय, आत कधी वळले नव्हते. गल्ल्या अरुंद, घरांवर मजले चढलेले, दारात गाड्या. दोनदा चुकले. शेवटी एका ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या आजींना कार्ड दाखवलं. चष्मा वर करून म्हणाल्या, “वाईचे मामा! हळद आणायचे. आम्हालाही द्यायचे हो.” घर केव्हाच विकलं, माई गेल्या, मुलगी कोथरूडला असते. “पण तुझ्याकडे कशी आली ही?” जुन्या बाजारात मिळाली म्हटल्यावर आजी जरा गप्पच झाल्या. मग म्हणाल्या, “त्यांनीच दिली असतील रद्दीत. तू आता परत देऊन काय करणार?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण टाकलेली वस्तू कुणी दारात आणून दिली, तर मला तरी आवडेल का? माझा नंबर आजींकडे ठेवला आणि निघाले.

मंगळवारी मीटिंगमध्ये फोन वाजला. अनोळखी नंबर. बाहेर येऊन घेतला. बाईंचा आवाज, रिटायर्ड वगैरे असाव्यात. ना हॅलो ना काही.

“मधोमध भोक आहे का हो त्यांना?”

“हो.”

“माळा रिकामा करताना मीच म्हटलं होतं, सगळं देऊन टाका. ट्रंक उघडूनही बघितली नाही.” मग बराच वेळ काहीच नाही. “माझ्या शाळेचं लिहिलंय का मामानं?”

मी सांगितलं. वर्षांसकट.

रविवारी त्या घरी येतायत. चहा बिनसाखरेचा, हे आधीच बजावून ठेवलंय.