आईची काळी पुडी

आयुष्यभर बिगारी काम करून माझ्या आईचे गुडघे गेले. दवाखान्याची रांग धरली की दिवसाचा रोज बुडे. म्हणून आठवडी बाजारातल्या एका औषधवाल्याकडून ती काळी पुडी आणू लागली. "झाडपाल्याचं आहे, त्यानं काय अपाय होणार?" असे ती म्हणे. आम्हालाही ते पटत होते. गुडघ्यांना थोडा आरामही पडला.

चार महिन्यांनी तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. शौचाला होईना, चेहरा पांढराफटक पडला. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारले, "आणखी काही औषध घेता का?" आईने मान हलवली, नाही म्हणून. रागावतील ही भीती! शेवटी मीच पुडीचे सांगितले. बाई रागावल्या नाहीत. पुडी मागवली, रक्त तपासायला पाठवले. रक्तात शिसे निघाले.

"मग आयुर्वेद खोटाच का?" मी विचारले. त्यावर बाईंनी सांगितले ते घराघरांत कळावे म्हणून हे लिहिते आहे.

सर्पगंधेची मुळी जुन्या वैद्यांना ठाऊक होती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना दिली, त्यांचा दाब मोजला आणि १९४९ साली निष्कर्ष इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापले. १९५२ साली त्या मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढले गेले. ते जगभर वापरले गेले. त्याने काही रुग्णांचे मन खचते, हेही पुढे नोंदी ठेवल्यामुळेच कळले.

दुसरी बाजूही ऐका. २००४ साली छापलेल्या एका अभ्यासात अमेरिकेत बोस्टन भागातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली होती. त्यांतल्या १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल निघाले. काही आयुर्वेदिक औषधांत धातूंची भस्मे मुद्दाम घालतात. सगळा झाडपालाच, हा आपला समज.

म्हणजे जुने म्हणून खरे नव्हे, आणि जुने म्हणून खोटेही नव्हे. पुडीत काय आहे, किती जणांना दिली, किती बरे झाले, कोणाला अपाय झाला? हे प्रश्न काढ्यालाही विचारायचे आणि डॉक्टरच्या गोळीलाही.

पुडी बंद झाली, शिसे उतरवायचे औषध झाले, आई सावरली. गुडघे अजून दुखतातच. पण दवाखान्यात जाताना ती आता एका पिशवीत सगळे घेऊन जाते. गोळ्या, चूर्ण, मालिशच्या तेलाची बाटलीसुद्धा. आयाबायांनो, तुम्हीही न्या. डॉक्टरपासून काही लपवू नका.